साठ मिनिटांचे गणित

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यासाठी आयोजित मार्गदर्शन सभेतील व्याख्यान)



सत्कार, आठवणी आणि गौरवपर भाषणे यांच्या मांडवात 'स्पर्धा परीक्षेतील गणिताची तयारी' असा रुक्ष विषय ठेवण्याचे धाडस संयोजकांनी केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकविले आणि निवृत्तीनंतरचा काळ शासकीय परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींच्या सहवासात घालवीत आहे. या दोन्ही कामांत विषय एकच असला तरी स्वरूप अगदी निराळे आहे. शाळेत आपण विद्यार्थ्याला गणित सोडविण्यास शिकवितो. स्पर्धा परीक्षेसाठी त्याला गणित निवडण्यास आणि प्रसंगी सोडून देण्यास शिकवावे लागते. ही निवड करण्याची मोकळीक मात्र त्यालाच लाभते, ज्याची लहानसहान आकडेमोड पक्की झालेली आहे. आज मला एवढेच सांगावयाचे आहे. बाकीचे सारे या म्हणण्याचा विस्तार समजावा.

प्रथम परीक्षेचे स्वरूप थोडक्यात पाहू. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या २०२४ च्या संयुक्त पदवीधर स्तर परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न, २०० गुण आणि ६० मिनिटे होती. त्यांतील २५ प्रश्न गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी छत्तीस सेकंद येतात. दुसऱ्या टप्प्यात गणिताचे ३० प्रश्न, प्रत्येकी ३ गुणांचे. आपल्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब सेवा संयुक्त पूर्व परीक्षेतही शंभर प्रश्न एका तासात सोडवावयाचे असतात. तेथील अभ्यासक्रमात अंकगणित म्हणून जे दिले आहे ते वाचून पालकांना आश्चर्य वाटेल. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, दशांश अपूर्णांक आणि टक्केवारी, एवढाच तो अभ्यासक्रम आहे. पोलीस भरतीच्या शंभर गुणांच्या लेखी परीक्षेतही अंकगणित आहेच. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्व परीक्षेत दुसरा पेपर नव्या स्वरूपात आणला, ज्याला विद्यार्थी 'सीसॅट' म्हणतात. त्यातील गणिताची पातळीही दहावीची असल्याचे आयोगाने लिहून ठेवले आहे.

दहावीची पातळी आणि तरीही इतकी भीती, हे कोडे काय आहे? माझ्या मते त्याचे कारण घड्याळ आहे. सातवीतील मुलगा जे उदाहरण चार मिनिटांत बरोबर सोडवितो, तेच बावीस वर्षांच्या पदवीधराला चाळीस सेकंदांत सोडवावयाचे असते, आणि तेही दहावीनंतर पाच-सात वर्षे गणिताकडे पाठ फिरवून झाल्यावर. कला शाखेच्या मुलींच्या बाबतीत हे मी वारंवार पाहिले आहे. इतिहास, राज्यशास्त्र त्यांना मुखोद्गत असते, पण गणिताचे पान आले की त्या सरळ पुढचे पान उलटतात. "सर, तेवढे गुण सोडून दिले तर चालणार नाही का?" हा प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागतो.

चालणार नाही, हे मी एका उदाहरणाने सांगतो. २०१५ पासून सीसॅटचा पेपर केवळ पात्रतेपुरता झाला. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. ही बातमी ऐकून अनेकांनी त्या पेपराची तयारीच सोडली. हिशेब असा आहे. एकूण ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकलेल्या उत्तरास एक तृतीयांश गुण वजा. समजा, एका उमेदवाराने ४० प्रश्न सोडविले आणि त्यांतील ३० बरोबर आले. त्याचे ७५ गुण झाले, दहा चुकांचे ८.३३ गेले, उरले ६६.६७. उत्तीर्ण. त्याच्याच शेजारी बसलेल्याने तेवढेच ४० सोडविले, पण बरोबर आले २९. त्याचे ७२.५० मधून ९.१७ वजा जाऊन ६३.३३ उरतात. अनुत्तीर्ण. पहिल्या पेपरात त्याला कितीही गुण असोत, ते विचारात घेतले जात नाहीत. माझ्या परिचयातील एका हुशार मुलाचे वर्ष नेमके असेच एका प्रश्नाने गेले. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गातील उमेदवारास सहाच संधी असतात. त्यांतील एक संधी टक्केवारीच्या एका उदाहरणापायी जावी, हे दुःख घरच्यांना समजावून सांगणेही कठीण असते. २०२३ सालचा हा पेपर तर इतका अवघड वाटला की काही उमेदवारांनी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तेव्हा 'पात्रतेपुरता' या शब्दावर कोणी विसंबून राहू नये.

आता तयारीकडे वळतो. पहिली पायरी उजळणीची. येथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे शब्द आठवत असतील. औट म्हणजे साडेतीन, हे आजच्या पदवीधराला सांगावे लागते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि अपूर्णांकांचे हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. व्यवहार सुलभ झाला यात शंका नाही. परंतु त्या पाढ्यांबरोबर आकड्याचा भाग पाहताक्षणी ओळखण्याची सवयही गेली, आणि स्पर्धा परीक्षेला नेमकी तीच सवय लागते.

पाहा, पंचवीस टक्के सूट दिल्यावर किंमत किती, असे विचारले की आमचा विद्यार्थी पंचवीस गुणिले अमुक भागिले शंभर असे लिहू लागतो, मग वजाबाकी करतो. पाऊणकी पाठ असलेल्या आजोबांना हे करावेच लागत नाही. छापील किंमत २४ असेल तर चोवीस पाऊणे अठरा, झाले उत्तर. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे, एक अष्टमांश. साडेसदतीस टक्के म्हणजे सहा आणे. ६४० चे साडेसदतीस टक्के काढावयाचे असतील तर ६४० चा सोळावा भाग ४० आणि त्याची सहापट २४०. कागदाला हात लावण्याचे कारण नाही. साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला, खर्च मात्र तोच ठेवावयाचा आहे, तर वापर किती कमी करावा? भाव चारास पाच झाला, तर वापर पाचास चार झाला पाहिजे, म्हणजे पाचवा भाग कमी, २० टक्के. जो विद्यार्थी टक्केवारीला अपूर्णांकाच्या रूपात पाहू शकतो, त्याचे नफा-तोटा, सूट, व्याज आणि आलेखावरील प्रश्न यांतील अर्धे श्रम वाचतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकास मी पहिला महिना नवीन काही शिकवीत नाही. तीसपर्यंत पाढे, तीसपर्यंत वर्ग, पंधरापर्यंत घन आणि एक द्वितीयांशापासून एक विंशांशापर्यंतच्या अपूर्णांकांची टक्केवारी, एवढेच पाठ करावयास सांगतो. पदवीधरांना हे अपमानास्पद वाटते. काही जण दुसऱ्या दिवसापासून येतच नाहीत.

आपल्या समाजाला तर हे गणित परके वाटण्याचे कारणच नाही. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. एम. रंगाचार्य यांनी तो १९१२ साली इंग्रजी अनुवादासह मद्रास येथून प्रसिद्ध केला. अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, भागीदारीतील वाटणी, निरनिराळ्या कसाच्या सोन्याचे मिश्रण, क्षेत्रफळ, खोदकामाचे घनफळ हे त्यातील विषय पाहिले आणि त्याशेजारी कर्मचारी निवड आयोगाचा अभ्यासक्रम ठेवला, तर साडेअकरा शतकांचे अंतर फारसे जाणवत नाही. सोन्याच्या मिश्रणाचे गणित आज चहाच्या मिश्रणाचे होऊन येते. २४० रुपये आणि ३०० रुपये किलोचे दोन चहा कोणत्या प्रमाणात मिसळले असता २६४ रुपयांचा चहा होईल? एकाचे अंतर २४, दुसऱ्याचे ३६. अंतरे उलट क्रमाने मांडावयाची, ३६ स २४, म्हणजे ३ स २. ज्यांच्या घरी किराण्याचे दुकान आहे त्यांना हे शिकविण्याची गरज भासत नाही, भाव पाहताच स्वस्त माल अधिक पडला असणार हे त्यांना कळते. आपल्या घरांतून गादीवर बसणारे पुष्कळ आणि शासकीय सेवेत जाणारे थोडे, असे आपण नेहमी म्हणतो. पण गादीवरचे शिक्षण या परीक्षेला उपयोगी पडते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

दुसरी पायरी रीतीची. बाजारात 'युक्त्या' सांगणाऱ्या पुस्तकांचा सुळसुळाट झाला आहे. युक्तीला माझा विरोध नाही, परंतु ती रीतीच्या मागून यावी. एक उदाहरण देतो. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १५ दिवसांत, दोघे मिळून किती दिवसांत करतील? मुलांना सूत्र पाठ असते, दोहोंचा गुणाकार भागिले दोहोंची बेरीज. उत्तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश दिवस. बरोबर. आता परीक्षक प्रश्नात एक वाक्य घालतो: दोघांनी चार दिवस काम केल्यावर अ निघून गेला, तर उरलेले काम ब किती दिवसांत करील? येथे सूत्र निरुपयोगी होते. ज्याला रीत ठाऊक आहे तो एकूण काम १२ आणि १५ यांच्या लसाविइतके, म्हणजे ६० भाग धरतो. अ रोज ५ भाग करतो, ब रोज ४. चार दिवसांत ३६ भाग झाले, २४ उरले, ब ला ६ दिवस लागतील. नळ आणि हौद यांची उदाहरणेही याच रीतीने सुटतात, गळती लागली तर तेवढे भाग वजा. परीक्षक सूत्र ओळखून असतात आणि सूत्राच्या बाहेर एक पाऊल टाकून प्रश्न काढतात.

रीत शिकण्यासाठी पाचवी ते दहावीची बालभारतीची पाठ्यपुस्तके पुरेशी आहेत, ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यानंतर सरावासाठी आर. एस. अग्रवाल यांच्यासारखे एखादे जाडजूड पुस्तक घ्यावे आणि ते एकच घ्यावे. आयोगांच्या मागील प्रश्नपत्रिकाही त्यांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. एक प्रश्नपत्रिका तीनदा सोडविणे हे तीन निरनिराळ्या लेखकांचे संच चाळण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरते. हे माझे मत आहे आणि अनेक मार्गदर्शक याच्याशी सहमत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ती म्हणजे चुकांची वही. विद्यार्थी सराव चाचण्या सोडवितात, गुण पाहतात, सुस्कारा टाकतात आणि दुसरी चाचणी घेतात. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर हा रोजमेळ झाला, खतावणी झालीच नाही. रोजमेळात रक्कम चढली तरी ती ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडल्याखेरीज तोटा कोठे होत आहे हे दुकानदाराला कळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत चार खाती असतात. रीत ठाऊक नव्हती, हे पहिले. रीत ठाऊक होती पण आकडेमोड चुकली, हे दुसरे. प्रश्नच नीट वाचला नाही, हे तिसरे. उत्तर बरोबर आले पण दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, हे चौथे. प्रत्येक चाचणीनंतर एकेक प्रश्न आपापल्या खात्यावर जातो.

आठ-दहा चाचण्यांनंतर ही खाती उघडली की बहुतेकांना धक्का बसतो. ज्याला वाटत असते की आपले भूमिती कच्ची आहे म्हणून गुण जातात, त्याचे पहिले खाते जवळजवळ रिकामे असते आणि तिसरे भरून वाहत असते. 'किती टक्के अधिक' विचारले असता 'किती टक्के' काढलेले, खरेदी किमतीवरील नफा विक्रीच्या किमतीवर मोजलेला, ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांची गल्लत. अशा विद्यार्थ्याने भूमितीचा आणखी एक क्लास लावणे म्हणजे गळक्या हौदात आणखी एक नळ सोडणे होय. त्याला प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचण्याची सवय लावावी लागते, आणि ती तीन-चार आठवड्यांत लागते. चौथे खाते मात्र फसवे असते, कारण त्यातील प्रत्येक प्रश्नाला बरोबरची खूण मिळालेली असते. साठ मिनिटांच्या परीक्षेत साडेतीन मिनिटे घेऊन बरोबर आलेले एक उत्तर हे न पाहिलेल्या चार सोप्या प्रश्नांच्या किमतीवर विकत घेतलेले असते.

दुसऱ्या खात्यासाठी एक जुनी कसोटी सांगतो. गुणाकार नवांनी पडताळावा. ३४७ गुणिले २८६ याचे उत्तर ९९,२४२ आले. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २८६ ची १६, पुन्हा ७. पाच साते पस्तीस, त्याचे ८. उत्तराच्या अंकांची बेरीज २६, त्याचेही ८. जमले. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही कसोटी ती पकडू शकत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. चार पर्यायांपैकी तीन या कसोटीवर बाद झाले, तर गुणाकार करण्याचेही कारण उरत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे की न द्यावे, हा वाद घरोघरी चालतो. त्याचेही गणितच करू. चार पर्याय आहेत आणि चुकीला एक चतुर्थांश गुण वजा होतात, असे धरा. संयुक्त पदवीधर परीक्षेत दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण वजा होतो, तो हाच नियम. डोळे मिटून १६ प्रश्नांना खुणा केल्या तर सरासरीने ४ बरोबर येतील, १२ चुकतील, १२ चुकांचे ३ गेले, उरला १. जवळजवळ काहीच नाही. जेथे एक तृतीयांश वजा होतात तेथे १२ प्रश्नांत ३ बरोबर, ९ चूक, ९ चे ३ गेले, हाती शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर चित्र बदलते. एक चतुर्थांशाच्या नियमात अशा १२ प्रश्नांत ४ बरोबर, ८ चूक, ८ चे २ गेले, उरले २. अर्थात ही सरासरी झाली, एखाद्या पेपरात नशीब उलटेही फिरते. माझा सल्ला इतकाच की निदान एक पर्याय कारणासह बाद करता आल्याशिवाय खूण करू नये.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. संयुक्त पदवीधर परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मल्टी टास्किंग स्टाफची परीक्षा २०२३ पासून मराठीतही देता आली, ही आनंदाची बाब आहे. रेल्वेच्या परीक्षांतही मराठीचा पर्याय मिळतो. परंतु जेथे तो नाही तेथे परिभाषेमुळे वेळ जातो. आपली सरासरी हिंदीत औसत होते, गुणोत्तर अनुपात होते, परिमिती परिमाप होते, छापील किंमत अंकित मूल्य होते आणि सूट बट्टा होते. असे साठ-सत्तर शब्द इंग्रजी प्रतिशब्दांसह एका कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. आठ दिवसांचे काम आहे.

परीक्षेच्या तासाबद्दल थोडेसे. गणिताच्या पंचवीस प्रश्नांना मी बावीस मिनिटांहून अधिक वेळ देऊ देत नाही आणि ती बावीस मिनिटे तीन फेऱ्यांत वाटतो. पहिल्या फेरीत वाचताच रीत दिसते तेवढेच प्रश्न. बहुतेकांचे दहा-बारा होतात. दुसऱ्या फेरीत रीत ठाऊक आहे पण आकडे लांबलचक आहेत असे. तिसऱ्या फेरीत वेळ उरला तर उरलेल्यांतून दोन-तीन. पहिल्याच प्रश्नावर अडून बसण्याची सवय शाळेने लावलेली असते. मी स्वतः शिक्षक म्हणून ती प्रशंसनीय मानीत आलो, पण या एका तासात ती घातक आहे.

सभेच्या आरंभी एका पालकांनी चिठ्ठी पाठविली आहे: क्लास लावावा का, आणि किती वर्षे थांबावे? क्लासची चौकशी करताना जाहिरातीतील यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे पाहू नका. चाचणी झाल्यावर शिक्षक प्रत्येक मुलाजवळ बसून त्याच्या चुका पाहतात का, एवढे विचारा. पाहत असतील तर फी द्यावी, नसतील तर पाठ्यपुस्तके, मागील पेपर आणि दोन मित्र पुरेत. किती वर्षे, याचे उत्तर मी देणे योग्य नाही. मात्र केवळ गणितासाठी विचाराल तर रोज दोन तास दिल्यास सहा महिने पुष्कळ होतात. सहा महिन्यांनंतरही चाचणीतील गुण हलत नसतील तर वही उघडून पाहावे, मुलाला बोल लावू नये. कित्येकदा त्या वहीत तारखाच नसतात, म्हणजे सराव झालेलाच नसतो. कित्येकदा तारखा असतात, पण दुकानावर बसून उरलेल्या वेळात अभ्यास झालेला असतो. अशा वेळी त्याला सकाळचे दोन तास गल्ल्यापासून मोकळे करणे हे वडिलांचे काम आहे.

ज्यांना आजच आपली परीक्षा पाहावयाची आहे त्यांच्यासाठी पंचवीस प्रश्नांच्या काही प्रती मी सोबत आणल्या आहेत. बावीस मिनिटांचे घड्याळ लावू आणि उत्तरे एकत्र बसून तपासू. पालकांनीही एकेक प्रत घ्यावी, अशी विनंती आहे.